गोळी बदलण्याआधी हे वाच

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस की डॉक्टर गोळी बदलताहेत, पॅरॉक्सेटिन हळूहळू काढून सर्ट्रालिन देणार आहेत, दोन्ही नैराश्यावरचीच औषधं. त्यावर मी किती मिलिग्रॅम, कधीपासून, आधीची कशी कमी करायची, असं एकामागून एक विचारत गेले आणि तू म्हणालास, "आई, मी तुझं गिऱ्हाईक नाही." बाबा शेजारीच जेवत होते. म्हणाले, लिहून पाठव, फोनवर तुमचं दोघांचं लगेच वाजतं. म्हणून दुपारची गर्दी ओसरल्यावर आपल्या औषधांच्या दुकानातच लिहायला बसले आहे.

आधी सांगते, गोळी बदलायचं ठरलं हे मला पटलं आहे. वजन वाढलंय, दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागतात, घामाने शर्ट भिजतो, हे तू दिवाळीत म्हणाला होतास. ते सगळं पॅरॉक्सेटिनने होऊ शकतं. त्या गोळीने तुला अंथरुणातून उठवलं, कामावर पाठवलं, ते मी विसरणार नाही. पण म्हणून तिचा त्रास कायम सोसत राहायचा असं कुठे आहे? आणि हे तू स्वतः डॉक्टरांपुढे बोललास, मला मध्ये न घेता बोललास. आत्या विचारत होत्या, "अजून औषधं चालूच आहेत का? त्यापेक्षा पहाटे उठून प्राणायाम करायला सांग." मी म्हटलं, "प्राणायाम तो करेल वाटलं तर, पण औषध डॉक्टर ठरवतील." बाबांनी पहिल्यांदाच त्यांच्या बहिणीसमोर माझी बाजू घेतली.

मला एकच भीती आहे, ती एकदा लिहून टाकते म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा काढणार नाही. मधले दोनतीन आठवडे त्रासाचे जातील आणि त्या त्रासाला कंटाळून तू कोणाला न सांगता सगळ्याच गोळ्या बंद करशील. काउंटरवर मी हेच बघत आले आहे. महिना नियमित घेतात, बरं वाटलं की सोडतात, किंवा चार दिवस मळमळलं म्हणून सोडतात. मग डॉक्टरांकडे जायची लाज वाटते, आणि सहा महिन्यांनी घरचं दुसरंच कोणीतरी चिठ्ठी घेऊन येतं.

आता नीट वाच. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातं, साधारण एका दिवसात रक्तातलं निम्म्यावर येतं. त्याच जातीतलं फ्लुओक्सेटिन कितीतरी दिवस अंगात रेंगाळतं, त्यामुळे ते सोडताना सहसा कळतही नाही. पॅरॉक्सेटिन कमी केलं की मात्र दोनचार दिवसांत जाणवू शकतं. चक्कर, मळमळ, ताप नसताना अंग मोडून आल्यासारखं वाटणं, रात्री विचित्र आणि फार खरी वाटणारी स्वप्नं, उगाच चिडचिड, उगाच रडू. मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखी चमक येते, असं बरेच जण सांगतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्याने मेंदूला इजा झाल्याचं काही लक्षण नसतं. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं, काहींना जास्त दिवस लागतात. फारच झालं तर डॉक्टर कमी करण्याचा वेग अजून मंद करतात. म्हणजे उपाय आहे. पण तो तू सांगितलंस तरच आहे.

हा त्रास आणि मूळचा आजार यांत गल्लत करू नकोस. जुनं दुखणं परत येतं तेव्हा ते आठवड्या-आठवड्यांनी, पावलं न वाजवता येतं. डोस कमी केल्यावर तिसऱ्या दिवशी चक्कर आणि चमका सुरू झाल्या तर ते बहुधा गोळी उतरत असल्यामुळे. "मी पुन्हा तिथेच आलो" असं लगेच ठरवून बसू नकोस. तारीख, डोस, झोप, काय झालं, एवढ्या चार गोष्टी रोज मोबाईलमध्ये टिपून ठेव. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. तुलाही दहाव्या दिवशी दिसेल की चौथ्या दिवसापेक्षा बरं आहे.

नव्या गोळीचा त्रास वेगळा. सर्ट्रालिनने सुरुवातीला मळमळतं, पोट ढिलं होतं, डोकं दुखतं, थोडी हुरहूर लागते. नाश्त्यावर घेतलीस तर पोटाला सोपं जाईल. झोप उडत असेल तर सकाळीच घे. आणि लगेच उत्साह वाटेल अशी आशा धरू नकोस. त्रास पहिल्या आठवड्यात, गुण दोन ते सहा आठवड्यांत, असं या औषधांचं उलटं आहे. तेवढ्यातच माणसं सोडून देतात. बघ, पुन्हा तिथेच आले मी.

पॅरॉक्सेटिनची साडेबारा मिलिग्रॅमची गोळी घेशील तेव्हा पाकिटावर सीआर लिहिलंय का ते बघूनच घे. सीआर म्हणजे औषध हळूहळू सुटावं अशी बनवलेली गोळी, ती मोडायची नाही, चावायची नाही. तुझी 25 ची सीआर आहे म्हणून ती अर्धी करून साडेबारा होते असा हिशेब करू नकोस. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. खोकल्याचं औषध घेताना त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन नाही ना, ते विचार. गुडघा दुखला म्हणून कोणी ट्रॅमाडॉल दिलं तर आधी डॉक्टरांना फोन. ही औषधं एकत्र आली की सिरोटोनिन नावाचं शरीरातलं रसायन फार वाढू शकतं. हात थरथरणं, दरदरून घाम, ताप, जुलाब, स्नायू झटके देणं, गोंधळल्यासारखं होणं, असं काही झालं तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. मॅचनंतर तू आयबुप्रोफेन खातोस, तेही सारखं नको, या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. आणि पहिले काही दिवस टू-व्हीलर नको. हिंजवडीच्या त्या रस्त्यावर चक्कर आली तर काय, या विचाराने मला आत्ताच कसंतरी झालं. बसने जा, उशीर झाला तर होऊ दे.

किती लिहिलं मी. एवढी यादी मी कुठल्याच गिऱ्हाइकाला देत नाही, त्यांचं रात्री मनात येत नाही म्हणून. रागावू नकोस.

लिहिता लिहिता 2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती आणि इकडे मिरजेत शाळाशाळांतून माणसं येऊन राहिली होती. तू अकरावीत होतास. आपण इन्शुलिन बर्फाच्या डब्यात घालून नेलं, आणि तू वही घेऊन खाली सतरंजीवर बसलास. कोणाला औषधाचं नाव माहीत नव्हतं. "पांढरी, बारकी, बीपीची", "सकाळची लाल". तू एकेकाला विचारून लिहीत होतास, कुठल्या डॉक्टरांची, किती वेळा घेता, शेवटची कधी घेतली. भिंतीशी एक बाई बसल्या होत्या, डोकं धरून. त्यांची सून सांगत होती, घर गेल्याचा धक्का बसलाय, सारख्या रडतात, गरगरतं म्हणतात. तू त्यांना विचारलंस, "मावशी, रोजची काही गोळी होती का?" होती. मनाच्या डॉक्टरांची होती आणि ती पाण्यात गेली होती. चार दिवस पोटात गेली नव्हती. शिबिरातल्या डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली आणि दोन दिवसांनी त्या बाई स्वयंपाकाच्या रांगेत भाकऱ्या थापत होत्या. घर गेल्याचं दुःख होतंच, ते कुठल्या गोळीने जाणार. पण गरगरणं गोळी तुटल्यामुळे होतं, हे सोळा वर्षांच्या मुलाच्या लक्षात आलं, मोठ्यांच्या नाही. माझ्याही नाही. मी तेव्हा बर्फ कुठे मिळेल ते बघत होते. घरी आल्यावर आजी तुझी दृष्ट काढत म्हणाली, "हा डॉक्टर होणार." तू म्हणालास, "मला रक्त बघवत नाही." तू कोण झालास याने मला काही फरक पडत नाही. त्या सतरंजीवरचा मुलगा मला ठाऊक आहे. दुसऱ्यांना तू "शेवटची कधी घेतली" असं किती मायेने विचारत होतास. तेच मी तुला विचारलं की तुला राग येतो.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये लहान मुलांसाठी आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या सगळ्या औषधांवर इशारा छापायला लावला. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना काहींच्या मनात जीव द्यायचे विचार वाढू शकतात, म्हणून जवळच्यांनी लक्ष ठेवावं असा तो इशारा आहे. औषध घेऊ नका असा त्याचा अर्थ नाही. मोठा धोका आजार तसाच ठेवण्यात आहे. पण तू 22 चा आहेस आणि त्या इशाऱ्यात बसतोस. म्हणून मी तुला सरळ विचारणार, असे विचार येतात का? तूही सरळ सांगायचं. मी किंचाळणार नाही, रडणार नाही, निदान फोनवर तरी नाही. मला नाही सांगवलं तर बाबांना सांग, ताईला सांग. रात्री-अपरात्री कोणीच नको वाटलं तर 14416 लाव, टेलि-मानस. सरकारची सेवा आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलतात. जागेवर बसवत नाही, पाय सारखे हलतात, आतून कोणीतरी ढकलतंय असं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. तो तुझा स्वभाव नव्हे, औषधाने तसं होऊ शकतं. आणि गोळ्या पंधरा दिवसांच्याच आणत जा, जुनी उरलेली पाकिटं शनिवारी बाबांजवळ दे. का म्हणते ते तुला कळतं. घरात साठा नको.

काकांच्या त्या वर्षाबद्दल डॉक्टरांना सांगितलंस का? तीन मोटारसायकली बुक केल्या होत्या त्या वर्षाबद्दल? घरात तसा उन्माद कोणाला झालेला असेल तर डॉक्टरांना माहीत असावं लागतं. झोप एकदम कमी होऊन दमायलाच होत नाही, डोक्यात शंभर बेत, असं झालं तर ते बरं होणं नव्हे. तेव्हाही फोन. काकूंना वाईट वाटेल म्हणून आपण घरात तो विषय काढत नाही, पण डॉक्टरांपुढे काढ.

अजून एक, मग पुरे. काही त्रास मुलगा आईला सांगत नाही. तरुण मुलं काउंटरवर येतात, आवाज खाली करतात, "ताई, या गोळीने..." आणि पुढे बोलत नाहीत. मला कळतं. या गोळ्यांनी शरीरसुखात अडचण येते, पुष्कळांना येते, नव्या गोळीनेही येऊ शकते, आणि त्यावर उपाय असतो. मला सांगू नकोस. डॉक्टरांना मात्र स्पष्ट शब्दांत सांग. या एका कारणासाठी गुपचूप गोळी सोडलेले कितीतरी जण मी पाहिलेत.

मी रोज फोन करणार नाही, असं काल ठरवलं. मग बाबा म्हणाले, तुला जमायचं नाही. तर असं करू या. रोज सकाळी गोळी घेतलीस की एक अंगठा पाठव, शब्द नको. त्रास होत असेल तर अंगठा नको, फोन कर. दुपारी दोनपर्यंत काहीच आलं नाही तर मी करणार, आणि तो उचलायचा. मीटिंगमध्ये असलास तरी उचलायचा. याच्यापेक्षा कमी मला जमणार नाही, बाळा.

शनिवारी बाबा कोयनेने येताहेत. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आजीने केलेला मेतकूट-भाताचा डबा आहे. मळमळत असलं की तेवढंच जातं तुला, लहानपणापासून. सोमवारी सकाळी परत निघतो म्हणताहेत, पण तुझी नवी गोळी रविवारपासून असेल तर मी त्यांना बुधवारपर्यंत राहायला सांगणार आहे. त्यांच्यासमोर उगाच मला फोन करून "यांना परत बोलाव" म्हणू नकोस. तुझ्या रूममेटलाही निदान एवढं सांगून ठेव की औषध बदलतंय, बाकी काही सांगायची गरज नाही.

तुझी,
आई

ता. क. डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठव. नक्की कुठल्या तारखेला 25 ची साडेबारा होते आणि कुठल्या तारखेला ती बंद होते, हे मला कॅलेंडरवर लिहायचं आहे. दुकानातल्या नव्हे, घरातल्या.