सत्ताधाऱ्यांचे हेतू आणि सिद्धरामांचा तलाव

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आमच्या पेठेतल्या एका मंगल कार्यालयात सत्ता आणि अध्यात्म या विषयावर तीन दिवस व्याख्याने झाली. वक्त्यांचे पाठांतर दांडगे आणि वाणी ओघवती होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आज ज्यांच्या हाती मोठी सत्ता आहे ते पूर्वजन्मीचे योगभ्रष्ट, म्हणजे साधना अर्धवट राहिलेले, तपस्वी आहेत, त्यांच्यापैकी काहींना दैवी शक्ती चालवतात तर काहींचा आसुरी शक्तींनी ताबा घेतलेला असतो, आणि त्यांच्या निर्णयांमागचे खरे हेतू सूक्ष्म पातळीवरचे असल्यामुळे सामान्य माणसाने त्यांचा अर्थ लावण्याच्या फंदात पडू नये. सतरंजीवर माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी एका नेत्याचे जन्मनक्षत्र वहीत टिपून घेतले. वही मिटताना मागचे पान उघडे पडले, त्यावर नळाला पाणी आल्याच्या तारखा ओळीने लिहिलेल्या होत्या.

मी नास्तिक नाही. दर संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालतो, घरी नित्य पूजा आहे. त्यामुळे हा विचार हसण्यावारी नेण्याची माझी इच्छा नाही. तो अर्धाच सांगितला गेला, एवढीच तक्रार आहे. 'तपाअंती राज्य, राज्याअंती नरक' हे वचन आमच्या पिढीने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. वक्त्यांनी त्याचा पहिला भाग तीनही दिवस ऐकवला, दुसरा एकदाही नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातील योगभ्रष्टाचा श्लोकही त्यांनी म्हटला, परंतु तो 'शुचीनां श्रीमतां गेहे' असा आहे, म्हणजे श्रीमंतीच्या आधी शुचिता आली आहे, आणि योगभ्रष्ट अशा घरी जन्मतो म्हणून प्रत्येक श्रीमंत वा सत्तावान योगभ्रष्ट ठरतो, असे त्यातून मुळीच निघत नाही. आसुरी संपत्तीबद्दल, म्हणजे आसुरी स्वभावाबद्दल, म्हणाल तर सोळाव्या अध्यायात ती ओळखायला कुंडली लागत नाही. 'हा शत्रू मी मारला, इतरांनाही मारीन, मीच ईश्वर, मीच बलवान' असे बोलणारा माणूस तिथे दाखवला आहे, आणि असे बोलणे साध्या कानांना ऐकू येते.

श्री अरविंदांचा दाखलाही दिला गेला. हिटलर हा आसुरी शक्तीचे हत्यार आहे, असे त्यांचे मत होते हे खरे. (ज्यांच्याकडून त्यांनी १९०८ साली बडोद्यात साधनेचे मार्गदर्शन घेतले ते विष्णू भास्कर लेले मराठी होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) परंतु ते मत झाल्यावर ते गप्प बसले नाहीत. इंग्रजांचा पराभव व्हावा असे देशात अनेकांना वाटत असताना, १९४० साली त्यांनी उघडपणे दोस्त राष्ट्रांची बाजू घेतली, युद्धनिधीला पैसे दिले आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. त्यांचेच नाव घेऊन श्रोत्यांना गप्प राहण्याचा उपदेश करावा, हे मला पटले नाही.

वास्तविक हेतूंचे गूढ सोलापूरकरांना नवे असू नये. बाराव्या शतकात, हे गाव सोन्नलगी म्हणून ओळखले जात असताना, सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. त्यांच्या एका शब्दावर माणसे कुदळ-फावडी घेऊन उभी राहत. सत्ता म्हणजे तरी याहून निराळे काय असते? वीरशैव परंपरेतली कथा अशी, की एके दिवशी संत अल्लमप्रभू तलावाच्या कामावर आले आणि खोदकाम करणाऱ्यांचा म्होरक्या तो राम कुठे आहे, असे त्यांनी एकेरीत विचारले. कामकरी खवळले, त्यांनी दगड मारले, ते प्रभूंना लागले नाहीत. मग खुद्द सिद्धरामांचा तोल सुटला आणि त्यांच्या तिसऱ्या नेत्रातून अग्नी निघाला, त्याचीही झळ प्रभूंना पोहोचली नाही. तलाव लोकांसाठी आहे की तो खोदल्याच्या अभिमानासाठी, हा त्या भेटीतला प्रश्न, आणि तो एका साधुपुरुषाला, लोककल्याणाच्या कामाबद्दल विचारलेला आहे. यात मला दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. दगड आधी अनुयायांनी उचलले. आणि सिद्धरामांनी तो प्रश्न अखेर मानला, ते प्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, गेले आणि तिथे बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून दीक्षा घेतली. त्याच कल्याणात बिज्जल राजाच्या दरबारी मोठ्या अधिकारावर असलेले बसवेश्वर, आपल्याहून लहान कोणी नाही असे वचनांतून सांगत होते. अंतरंगाची तपासणी अधिकारावरचा माणूस स्वतःची करतो, किंवा समोर उभा राहून दुसरा कोणी त्याची करतो. श्रोत्यांनी मान डोलावून ती सोडून द्यावी, असे या परंपरेत मला कुठे आढळले नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचेही तेच. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार उघडले हे सगळे सांगतात, त्यांचा पूर्वजन्म कोणी विचारलेला नाही.

आता मूळ विनंतीकडे येतो. निवडणुका जवळ आल्या की मराठी वृत्तपत्रांतून नेत्यांच्या कुंडल्यांचे विवेचन येऊ लागते, आणि वाचक ते आवडीने वाचतात, मीही वाचतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निकालापासून उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि स्वतःवरील फौजदारी प्रकरणे शपथपत्रावर जाहीर करावी लागतात. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे अकरा मतदारसंघ आहेत. पुढच्या निवडणुकीत या अकरा मतदारसंघांतील उमेदवारांची शपथपत्रे, आणि जे पूर्वी लढले असतील त्यांचे मागच्या वेळचे आकडेही, एकाखाली एक छापावेत. ज्योतिषाचे सदर बंद करा, असे मी म्हणत नाही. हा तक्ता त्याच पानावर, त्याच्या शेजारी आणि तेवढ्याच ठळक टाइपात यावा, इतकेच सुचवतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर