‘का?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा

महोदय,

दहावीचा निकाल लागला की घरोघरी मुलांना एक वाक्य ऐकवले जाते, ‘आता स्वतःच्या डोक्याने विचार कर.’ लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘सायन्सच का हवे?’ मूल चार कारणे सांगते आणि घरच्यांचे समाधान होते. पण ‘का’ विचारले की मन कारणे शोधत नाही, बहुधा तयार करते. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात ग्राहकांपुढे स्त्रियांच्या नायलॉन मोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले होते. चारही हुबेहूब सारखे. सर्वाधिक पसंती उजवीकडच्या शेवटच्या जोडाला मिळाली आणि लोकांनी कारण म्हणून मोज्यांचा दर्जा सांगितला. ठेवलेल्या जागेचा उल्लेख एकानेही केला नाही. ‘जागेमुळे निवडला का?’ असे विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते झटकून टाकले. ते खोटे बोलत नव्हते, हीच यातली अडचण आहे.

म्हणून ‘का’च्या आधी ‘कुठून’ विचारावे. साधी शंभर पानी वही घ्यावी आणि एका पानावर एकच मत लिहावे, तेही ‘मला वाटते’ने सुरू होणाऱ्या एका वाक्यात. त्याखाली तीन नोंदी कराव्यात. पहिली, हे प्रथम कुणाकडून आणि साधारण कधी ऐकले : आत्याचा मुलगा, क्लासचा फलक, शाळेतल्या बाई, जे असेल ते. दुसरी, कुणी विरुद्ध बोलले की शरीरात काय होते : कान तापतात, जबडा आवळला जातो, की समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच उत्तर ओठांवर येते. तिसरी, काय दिसले तर हे मत बदलेन. ही तिसरी ओळ कोरी राहिली, तर वर लिहिली ती निष्ठा आहे, मत नव्हे. निष्ठा असायला हरकत नाही, तिला मत म्हणू नये एवढेच. एका पानाला 10 मिनिटे पुरतात. आठवड्याला दोन-तीन पानांहून जास्त लिहू नये, कारण मग नोंदी नुसत्या उरकल्या जातात.

वही बिघडते ती बहुधा वेळेमुळे. वाद झाला त्याच रात्री लिहायला बसले की पान म्हणजे वकिलाची कैफियत होते, कारण डोक्यात तेव्हा न दिलेली उत्तरेच घोळत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहावे, शक्यतो वर्तमानपत्र उघडण्यापूर्वी (संपादकांनी क्षमा करावी). तीन-चार दिवसांनी तेच पान पुन्हा वाचून भर घालावी. बेंजामिन फ्रँकलिनने 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्लिश शास्त्रज्ञाला पत्रातून अशीच युक्ती कळवली होती : कागदाचे दोन रकाने करून बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे तीन-चार दिवस सुचतील तसे लिहायचे, मग समान वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडायचे.

आणखी एक चूक नेहमी होते. मत वडिलांकडून आले हे कळले की ते टाकून द्यावेसे वाटते. पण उगम कळला म्हणजे खरे-खोटे ठरत नाही. तपास कुठून सुरू करायचा, एवढेच कळते. आणि वडिलांच्या नेमके उलट बोलणाराही वडिलांकडे बघूनच बोलत असतो. आमच्या पेठेत या प्रकाराची टंचाई नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे गणितही वहीत मांडता येते. वारंवार कानावर पडलेले विधान अधिक खरे वाटू लागते. एकच मजकूर तीन ग्रुपांतून आला तर तीन साक्षीदार धरू नयेत. मूळ मजकूर एक, म्हणून साक्षीदारही एक.

एकट्याने वही भरणारा माणूस सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत मात्र हात वर झालेले बघून आपलाही हात उचलतो. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञांच्या 1951 च्या प्रयोगात एक रेषा दाखवून तेवढ्याच लांबीची दुसरी ओळखायला सांगत. उत्तर उघड दिसत असूनही, गटातले इतर सगळे (प्रयोगकर्त्यांचेच साथीदार) ठरवून चुकीचे उत्तर देत तेव्हा सुमारे एक-तृतीयांश उत्तरे गटाच्या बाजूने गेली. गटातला एक जण जरी बरोबर बोलला, तर हे प्रमाण एकदम खाली येई. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असले, तेव्हाही ते घटे. म्हणून चर्चेआधी 3 मिनिटे द्यावीत, प्रत्येकाने बिननावाची चिठ्ठी लिहावी आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच ज्येष्ठांनी बोलावे. रीतसर ठराव आणि मतदान नंतर नियमाप्रमाणे होईलच.

अकरावीचे पसंतीक्रम भरण्यापूर्वी घरातही हे करता येईल. आईवडिलांनी आपापल्या चिठ्ठ्या मुलाबरोबर एकाच वेळी लिहाव्यात आणि मुलाची चिठ्ठी आधी उघडावी.

– मानसशास्त्राच्या दोन निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे 30