खोट्या अनुभवाची ओळ खोडणाऱ्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र उघड लिहितो आहोत, तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. पण भोसरी-चाकण पट्ट्यात काम सुटलेले किंवा सुटण्याच्या बेतात असलेले कितीतरी इन्स्पेक्टर, फिटर, स्टोअरकीपर आज 'आयटीत जमेल का?' म्हणून विचारत फिरताहेत. त्यांच्या हाती पहिल्यांदा पडते ती '१०० टक्के जॉब गॅरंटी'ची जाहिरात. त्यांनी हेही वाचावं, म्हणून चारचौघांत आभार मानतो.

कारखान्यातून आयटीकडे वळणाऱ्या आम्हाला तुम्ही सॉफ्टवेअर टेस्टिंग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम, शिकवलंत; आणखीही पुष्कळ शिकवलंत. पण सगळ्यात आधी आभार त्या पेन्सिलच्या रेघेचे. आधीच्या एका क्लासनं आमच्या बायोडेटात 'टेस्ट इंजिनिअर, २ वर्षे अनुभव' असं परस्पर छापून दिलं होतं आणि कारखान्यातली सगळी वर्षं शेवटी 'इतर माहिती'त ढकलली होती. तुम्ही ती ओळ खोडलीत आणि नावाखाली लिहिलंत: 'क्वालिटी इन्स्पेक्टर, मशीन शॉप. आवक मालाची तपासणी, फर्स्ट पीस अप्रूव्हल, रिजेक्शन रिपोर्ट, ८डी.' (८डी म्हणजे दोषाचं मूळ शोधून तो दूर करायची आठ टप्प्यांची पद्धत.) भाषण दिलं नाहीत, कुणाला लाजवलं नाहीत. कागद परत दिलात आणि पुढच्याचा बायोडेटा हातात घेतलात. काम गेलेल्या माणसाला सगळे सांगत असतात की जुनं विसर, आता पहिल्यापासून सुरुवात कर. तुम्ही ते जुनंच वर आणून ठेवलंत. आजही ते आठवलं की घसा दाटून येतो.

ती खोटी ओळ किती महागात पडली असती, हे नंतर कळलं. रुजू करून घेताना कंपन्या बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी करून घेतात. पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा कायमचा नंबर, एकच असतो आणि कुठल्या मालकाकडे कधी लागलो, कधी सोडलं, हे त्यात नोंदलेलं असतं. बायोडेटा म्हणतो सॉफ्टवेअर कंपनी आणि त्याच महिन्यांचा पीएफ जमा होतो मशीन शॉपमधून, हे दोन मिनिटांत उघडं पडतं. मग हातातली ऑफर जाते, कधी लागलेली नोकरीही जाते. आणि खोटं अनुभवपत्र विकणारा तोवर पुढची बॅच भरत असतो.

त्या क्लासवाल्यांबद्दल राग आहे, तो लपवत नाही. 'फी नोकरी लागल्यावर द्या' म्हणून सही घेतलेला कागद प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचा कर्जकरार निघाला. क्लासला कुलूप लागलं तरी बँकेतून हप्ता कापला जातच राहिला, आणि हप्ता चुकला की सिबिल खराब. कर्ज देणारा म्हणून कुणाचं नाव आहे आणि खात्यातून हप्ता कापायची परवानगी कुठल्या पानावर दिली आहे, एवढं सहीआधी बघायला तुम्ही शिकवलंत. हे फी घेणाऱ्यानं सांगायला हवं होतं. सांगितलं ते एक पैसाही न घेणाऱ्या बाईनं.

कामगारांना नवं शिकवायच्या घोषणाही जुन्याच आहेत. केंद्र सरकारनं १९९२ मध्ये नॅशनल रिन्यूअल फंड काढला. कामगारांचं पुनर्प्रशिक्षण हा त्याचा एक उद्देश होता, पण बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीतच गेला. माणूस घरी पाठवायला पैसा निघतो, त्याच्या शेजारी बसून शिकवायला कुणी निघत नाही. तुम्ही बसलात.

आणि बसलात तेही आमच्या पाळ्या बघून. कारखान्यातला माणूस क्लास अर्ध्यात सोडतो तो बहुधा पाळीमुळे. दर आठवड्याला पाळी बदलते, एका आठवड्याचे धडे बुडतात, मग जोडता येत नाही. तुम्ही एकच धडा दोनदा घेतलात: ऑफिसला जाण्याआधी सकाळी साडेसातला दुसऱ्या पाळीच्या लोकांसाठी आणि संध्याकाळी पहिल्या पाळीसाठी. दिवसभर हिंजवडीत टेस्ट लीडचं काम करून.

शिकवण्याची तुमची रीत इतरांनी उचलावी अशी आहे. शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे ०.०२, इन्स्पेक्टरची नजर कायम २४.९८ आणि २५.०२ वर. तुम्ही तिथूनच बाउंडरी व्हॅल्यूवर, म्हणजे मर्यादेच्या काठावरच्या आकड्यांवर, आलात. फॉर्ममध्ये वय १८ ते ६० चालत असेल तर ३५ घालून फारसं हाती लागत नाही; १७, १८, ६० आणि ६१ घालून बघायचं. कारण प्रोग्राम लिहिणारा 'पेक्षा जास्त' लिहितो आणि 'किंवा तेवढंच' लिहायला विसरतो, आणि ही चूक नेमकी काठावरच सापडते. तासाभरात सगळ्यांना समजलं. 'लॉगिन होत नाही' एवढाच बग रिपोर्ट (प्रोग्राममधल्या चुकीचा अहवाल) लिहिला की तुम्ही परत पाठवायचात आणि विचारायचात, रिजेक्शन रिपोर्टवर 'माल खराब' एवढंच लिहिता का? मग बिल्ड नंबर (प्रोग्रामची कुठली आवृत्ती), ब्राउझर, क्रमानं पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहा वेळा केलं तर किती वेळा झालं, सगळं येऊ लागलं.

अवघड गेलं ते एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. ज्या पीओचा (खरेदी ऑर्डरचा) माल अजून आलाच नाही असे पीओ शोधा, हा सराव तुम्ही दिलात. लेफ्ट जॉइन (पहिल्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी राखून दुसरा तक्ता जोडणं) बरोबर लावूनही निकाल रिकामा येई, कारण जीआरएनच्या (माल मिळाल्याच्या नोंदीच्या) तारखेची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडून झाल्यावरच्या गाळणीत, टाकलेली असे. जीआरएन नसलेल्या ओळींत ती तारीख नल, म्हणजे रिकामी, असते, त्यामुळे अट त्याच ओळी गाळून टाकते. अट ऑनमध्ये, म्हणजे तक्ते जोडायच्या अटीत, न्यायची आणि व्हेअरमध्ये फक्त 'जीआरएन नंबर नल आहे' एवढंच ठेवायचं. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

आयएसटीक्यूबी ही टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या फाउंडेशन परीक्षेत ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर. परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल तर ७५ मिनिटं मिळतात, हे पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं. नोंदणी करतानाच ती मागायला लावलीत. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला ती १५ मिनिटं किती मोलाची असतात, हे परीक्षा देणाऱ्यालाच कळेल.

सगळ्यांना टेस्टिंगकडे ढकललं नाहीत, हेही लिहायला हवं. सॅप या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रोज १०१ या कोडनं माल जमा करणाऱ्या आणि १२२ नं सप्लायरला परत पाठवणाऱ्या स्टोअरकीपरला तुम्ही एमएम सपोर्टची, म्हणजे सॅपच्या माल-खरेदी विभागाच्या अडचणी सोडवायच्या कामाची, दिशा दाखवलीत. स्टॉक का जुळत नाही हे त्याला पुस्तक न उघडता कळतं. मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला डेस्कटॉप आणि नेटवर्क सपोर्टकडे वळवलंत. संगणकाचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ नं सुरू झालेला दिसला की डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून) पत्ता मिळालेला नाही, मग आधी केबल आणि स्विचचा पोर्ट बघ. असं एकेक कारण बाद करत जाणं त्याच्या हाताला सवयीचंच होतं.

कटू तेही वेळेवर सांगितलंत. एमएस-सीआयटी म्हणजे संगणकाची ओळख, त्यावर आयटीतली नोकरी मागू नका. पदवी नसेल तर बऱ्याच कंपन्यांच्या पहिल्या चाळणीतच अर्ज अडकतो, तेव्हा काम करता करता मुक्त विद्यापीठातून ती पुरी करा. पहिला पगार कारखान्यापेक्षा कमी असू शकतो. घरी बसून हिशेब मांडा, मगच राजीनामा द्या. दोघांनी हिशेब मांडला आणि कारखान्यातच राहिले. त्यांच्याशीही तुम्ही तितक्याच आपुलकीनं बोलता. समोरच्याला गिऱ्हाईक न समजणारी माणसं अजून आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आता एक विनंती. नव्या बॅचचे बग रिपोर्ट तपासायचं काम आमच्याकडे द्या. आमच्यातले तिघं जण रविवारी सकाळी मोकळे असतात. सराव प्रोजेक्टच्या जिराचं (बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन तेवढं पाठवा.

आपले,
मागच्या बॅचचे विद्यार्थी