ग्लेनव्हिलच्या घराबद्दल

क्लीव्हलंड, ओहायो

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

रविवारी फोनवर मी इथल्या ग्लेनव्हिल वस्तीत घर घ्यायचा विषय काढला आणि बाबा, तुम्ही "बरं, तुझी झोपायची वेळ झाली" म्हणून फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशी दादाचा लांबलचक मेसेज: काळ्यांची वस्ती, गोळीबार, एकटी बाई, तुला वेड लागलंय का. दादाला मी काही कळवलेलं नाही. तुम्हाला लिहिते, कारण एवढं सगळं फोनवर सांगता येत नाही, आणि पत्र तुम्ही दोनदा वाचता.

आधी भीतीचं बोलू. गुन्हे होतात, नाही म्हणत नाही. मी पाहिलेल्या घराच्या रस्त्यावर काही घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात, आणि जिथे घरं पाडली तिथे नुसतं गवत वाढलंय. पण "ती माणसंच तशी" हे जे दादाने लिहिलंय, ते मला मान्य नाही. ही वस्ती आपोआप अशी झालेली नाही. ती कशी झाली हे कागदोपत्री आहे, तारखांसकट.

तुम्ही आला होतात तेव्हा आपण रॉकफेलर पार्कमधल्या इंडिया गार्डनमध्ये गेलो होतो. गांधीजींच्या पुतळ्याशेजारचा बाबांचा फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला. त्या बागेतून जाणाऱ्या रस्त्याला मार्टिन ल्यूथर किंगचं नाव आहे. रस्त्याच्या एका अंगाला हफ नावाची वस्ती, दुसऱ्या अंगाला ग्लेनव्हिल. आपण दोन्हीकडे वळलो नाही, कारण ज्यांनी आपल्याला बाग दाखवली तेही कधी वळत नाहीत.

१९३० च्या दशकात इथल्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कुठे घरकर्ज दिलं तर पैसे सुरक्षित आणि कुठे बुडतील, ते रंगावरून कळायचं. काळे लोक राहायचे तो भाग बहुतेक ठिकाणी लाल. पुढे सरकारी हमीची स्वस्त कर्जं घेऊन गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. काळ्यांना ना कर्ज मिळे, ना तिथे घर. मग शहरातल्या मोजक्या वस्त्यांत सगळी गर्दी. हफमध्ये १९५० साली शंभरातले पाच जण गोरे नव्हते, १९६० मध्ये चौऱ्याहत्तर. मालकांनी एकेका घराच्या खोल्या-खोल्या करून भाड्याने लावल्या आणि डागडुजी सोडून दिली. जुलै १९६६ मध्ये तिथल्या एका दारूच्या गुत्त्यात एका काळ्या माणसाला प्यायला पाणी नाकारलं, त्यावरून दंगल पेटली. चार जण मेले, चौघेही काळे. पाण्यावरून काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे १९२७ चं महाड आहे.

पुढच्याच वर्षी या शहराने कार्ल स्टोक्सला महापौर केलं. एवढ्या मोठ्या अमेरिकन शहराचा तो पहिला काळा महापौर. पण खुर्ची मिळाली तोवर तिजोरी आटायला लागली होती. पोलादाचे कारखाने आखडले, माणसं निघून गेली, १९७८ मध्ये तर महापालिकेला बँकांचं देणं फेडता आलं नाही. १९५० मध्ये या शहरात नऊ लाखांवर लोक होते, २०२० च्या शिरगणतीत पावणेचार लाखही भरले नाहीत. बाबा, गिरण्या गेल्यावर काय उरतं ते तुम्ही लालबागेत पाहिलंय. फरक एवढाच की मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव आला, इथे जमिनीला कुणी विचारेना.

आणि मग २००८ च्या आधीची ती कर्जं. ज्या वस्त्यांना बँकांनी दशकानुदशकं दारात उभं केलं नाही, तिथेच दलाल घरोघर फिरून चढत्या व्याजाची कर्जं गळ्यात बांधत होते. हप्ते फुगले, घरं जप्त झाली, फळ्या लागल्या. आधी कर्ज न देऊन मारलं, मग देऊन मारलं. आई, तुला खिडकीतून "किती ओसाड गं" वाटलं होतं, ते ओसाडपण बरंचसं त्या वर्षांतलं आहे.

आता यातला मला सगळ्यात खटकणारा भाग. या वस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर क्लीव्हलंड क्लिनिक, युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स आणि केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आहे. जगभरातून लोक हृदयाची ऑपरेशनं करून घ्यायला येतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा हिशेब सांगतात तो असा: या तीन संस्थांची वर्षाची खरेदी तीन अब्ज डॉलरच्या घरात, आणि भोवतालच्या वस्त्यांतल्या साधारण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न साडेअठरा हजार डॉलर. चादरी, भाज्या, वीज, सगळं बाहेरून यायचं आणि पैसा बाहेर जायचा. इस्पितळं धर्मादाय म्हणून मालमत्ता कराची बरीचशी सूट घेतात, आणि इथल्या शाळांच्या पैशाचा मोठा भाग त्याच करातून येतो. माझा पगारही अशाच एका इस्पितळातून येतो, तेव्हा मी फार मोठ्या आवाजात बोलू नये.

२००८ मध्ये क्लीव्हलंड फाउंडेशन, या संस्था आणि महापालिका यांनी मिळून एक घाट घातला. इस्पितळांना जे विकत घ्यावंच लागतं ते शेजारच्या माणसांकडून घ्यायचं, आणि ती माणसं नोकर नसून मालक असतील. स्पेनच्या बास्क भागातल्या मोंद्रागोनला जाऊन ही मंडळी तिथल्या कामगारांच्या सहकारी कारखान्यांची पद्धत बघून आली. २००९ मध्ये ग्लेनव्हिलमध्ये एव्हरग्रीन नावाच्या या सहकारी उपक्रमाची लाँड्री सुरू झाली. मग सौरऊर्जेची कंपनी, मग कोशिंबिरीचा पाला पिकवणारं सव्वातीन एकरांचं हरितगृह.

मला ठाऊक आहे, "सहकारी" वाचून बाबा हसले असणार. तुमच्या सूतगिरणीत चेअरमनची गाडी दर निवडणुकीनंतर बदलायची आणि हिशेबाच्या वह्या तुमच्या टेबलावर सहीला यायच्या. पण एक विचार करा. आपल्या साखर कारखान्यांचा मालक कोण? ऊस घालणारा शेतकरी. ज्याच्याकडे जमीन त्याला शेअर. गव्हाणीवर राबणारा कामगार सभासद नाही, आणि कोयता घेऊन बीडहून येणारा ऊसतोड मजूर तर नाहीच नाही. ज्याच्या बापजाद्यांना जमीनच मिळाली नाही, त्याला सहकारात जागा नव्हती. इथे बरोबर त्या टोकाच्या माणसाच्या हातात शेअर दिलाय. सहा महिने उमेदवारी, मग इतर सभासद मत देऊन आत घेतात. शेअर तीन हजार डॉलरचा, तो तासाला पन्नास सेंट पगारातून वळता होतो. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही घेतात, ज्यांना बाकी कुणी दारात उभं करत नाही.

लिज्जतचे पापड लाटून मावशीने संपानंतर घर चालवलं, तेव्हा ती "मी बहीण आहे, कामवाली नाही" असं ठणकावून सांगायची, आठवतं आई? या लाँड्रीत काम करणाऱ्या एका बाईंशी माझी बस-थांब्यावर ओळख झाली. पन्नाशीच्या आहेत, चार पिढ्या ग्लेनव्हिलमध्ये. मोठ्या रोळांच्या इस्त्रीत चादर घालायचं काम करतात. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, झटकायची आणि सुरकुती पडू न देता पट्ट्यावर सोडायची. बोटं भाजतात, पाठ धरते. पण वर्षाअखेरीच्या सभेला त्या पर्समधून पेन्सिल काढून आकड्यांवर खुणा करतात. नफ्याचा हिस्सा जमा झाल्याचा कागद त्यांनी मला दाखवला तेव्हा अंगठा रकमेवर धरला होता, फक्त नाव वाचू दिलं. बाबा, तुमची आणि त्यांची गाठ घालून द्यायची आहे. ताळेबंदावरून दोघांचं कडाक्याचं भांडण होईल.

हे सगळं गोड आहे असं नाही. सुरुवातीला हजारो नोकऱ्यांची भाषा होती, झाल्या काही शेकड्यांत. मोठ्या इस्पितळाचं काम मिळवायलाही वर्षं गेली: तोवर लाँड्री छोट्या गिऱ्हाइकांवर चालली, क्लिनिकचे कपडे २०१८ मध्ये आले. एवढ्या मोठ्या खरेदीत शेजाऱ्याला वाटा द्यायला दहा वर्षं लागतात यावरून काय समजायचं ते समजा. आणि एका लाँड्रीने तीन पिढ्यांचं हुकलेलं घर भरून येत नाही. इथे गोऱ्या कुटुंबाची पुंजी म्हणजे मुख्यतः आजोबांचं घर. ते घरच घेऊ दिलं नाही, तर पगार कितीही नियमित असो, नातवाच्या हातात काय येणार?

म्हणून घराचा विषय. मी पाहिलंय ते दोन मजली लाकडी, पुढे पडवी, छप्पर धड आहे. किंमत इतकी कमी की एका बँकेने सरळ सांगितलं, एवढ्या छोट्या कर्जाची कागदपत्रं करणं आम्हाला परवडत नाही. गंमत बघा. लाल रंग पुसला, पण स्वस्त घराला कर्ज नाही, म्हणून घर रोखीवाल्या गुंतवणूकदाराकडे, आणि शेजारी भाडेकरूच राहतात. आता वस्तीतल्या एका पतसंस्थेसारख्या छोट्या संस्थेकडे अर्ज केलाय. त्यांनी अडीच तास बसवून माझाच जमाखर्च मला समजावला. बाबा खूश झाले असते.

माझ्यासारखीने तिथे जावं का, हा प्रश्न मलाही पडलाय, दादापेक्षा वेगळ्या कारणाने. शेजारच्या भागात नवीन बंगलेवजा घरं झाली, पंधरा वर्षं करमाफीवर, आणि जुन्या म्हाताऱ्यांना वाढीव कराची पत्रं आली. म्हणून रिकामं, लिलावातलं नसलेलं घर घेतेय, कुणाला उठवून नाही. यावर लाँड्रीतल्या त्या बाईंचं म्हणणं असं की घे, पण गवत कापत जा आणि वस्तीच्या सभेला ये, नुसतं झोपायला येऊ नकोस.

तुमचा अजूनही विरोध असेल तर तो लिहून कळवा, मुद्दे घालून, बाबा तसेच लिहितात. पण "काळे लोक" हा मुद्दा त्यात नको. आई, घराला पुढे पाच पायऱ्या आहेत, कठडा नाही. ताब्यात आलं की पहिलं काम तेच करून घेते. तुमची खोली खालीच ठेवलीय, म्हणजे गुडघ्यांना जिना नको. येताना गोडा मसाला आण, आणि बाबांच्या त्या सूतगिरणीच्या पोटनियमांची जुनी प्रत सापडली तर तीही.

तुमची,
मनू