आप्पांना, लेव्हलच्या नळीबद्दल

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

बार्शी तालुक्यात बालाघाटच्या उतारावर आमचं गाव आणि त्याच्या तीन वस्त्या. डोंगरावर हातभर मुरूम, खाली काळा पाषाण. पाऊस झाला की घटकाभरात पाणी ओढ्याला लागतं आणि सीनेकडं निघून जातं. ते अडवायला समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत धरलेले चर खोदायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. समतल कसं धरायचं, ते तुम्ही गवंडीकामाच्या नळीनं शिकवलंत. त्याचे आभार मानायला हे पत्र.

दोन काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, मध्ये पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. आधी दोन्ही काठ्या एकाच फरशीवर शेजारी उभ्या करायच्या. पाणी सारख्या खुणेवर आलं तरच डोंगर चढायचा. वरही दोन्ही काठ्यांवर सारखी खूण आली की त्या दोन जागा एका पातळीत. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा चुकतो. दोन्ही तोंडांवरचे अंगठे काढल्याशिवाय खूण वाचायची नाही, हे तुम्ही प्रत्येकाकडून घटवून घेतलंत. नजरेनं आखलेल्या चरात पाणी सखल टोकाला धावतं, तिथंच भराव फोडतं आणि चराची घळ होते.

चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल. म्हणजे मीटरभर लांबीत १८० लिटर पाणी. माती उताराच्या अंगाला, काठापासून ३० सेंटिमीटर सोडून टाकायची, नाहीतर पहिल्याच वळवात ती परत चरात येते. मध्येमध्ये न खोदलेला आडवा पट्टा ठेवायचा तुमचा आग्रह फार मोलाचा: एके जागी फुटलं तरी सगळा चर रिता होत नाही. आणि काम माथ्याकडून खाली. पायथ्यापासून धरलं तर वरचा लोंढा नवा भराव घेऊन जातो.

खरं अवघड होतं ते वस्त्यांचं. समपातळीची रेषा गट नंबर बघत नाही. चर वरच्या वस्तीच्या माळावर आणि पाणी वाढणार खालच्या वस्तीच्या विहिरींना. मग वरच्यांनी का राबावं? भरावावर सीताफळ लावायचं, हमाटा हा चारा पेरायचा, फळ आणि वैरण वरच्यांची, हे तुम्ही पारावर बसून जुळवून दिलंत. एवढं करून एका दिवसाचीही मजुरी घेतली नाहीत.

नळी मारुतीच्या देवळात, सावलीला गुंडाळून ठेवली आहे. उन्हानं ती कडक पडते. मृगाआधी चरांतला गाळ काढून खचलेला भराव पुन्हा लेव्हलला घ्यायचा आहे. तेव्हा नक्की या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी वरच्या वस्तीवर.

आपले,
गावकरी आणि तिन्ही वस्त्यांची मंडळी
ता. बार्शी, जि. सोलापूर