चार वर्ग, एक बाई

मा. संपादक,
गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांबद्दल सध्या जो तो बोलतोय, पोरांना वाचता येत नाही, मास्तर फुकटचा पगार खातात. वाचता येत नाही हे खरंच आहे, पण सगळं मास्तरांच्या माथी मारणं मला पटत नाही.

माझी पुतणी चौथीत. परवा वाळपई स्टँडवर तिला म्हटलं, बसचा बोर्ड वाच गं. 'साखळी' कसंबसं एकेक अक्षर लावून वाचलं, 'म्हापसा'कडे आली आणि गप्प. घरी ५२ मधून २७ वजा करायला दिले तर उत्तर ३५, म्हणजे मोठ्यातून लहान आकडा काढून मोकळी, दशक सुटा करायचा असतो हे तिला नीट कोणी बसून शिकवलेलंच नाही. आणि हीच पोर काजूच्या बियांचे किलोचे पैसे तोंडी बरोबर सांगते!

मग मी शाळेत जाऊन बसले. पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि बाई एकच, फळ्याचे खडूने दोन भाग केलेले, पहिलीतली पोरं 'क' गिरवत बसलेली, बाई तासाभराने त्यांच्याकडे वळल्या, तेवढ्यात फोन, अमुक माहिती आत्ताच्या आत्ता ऑनलाइन भरा, खोलीत रेंज नाही म्हणून बाई व्हरांड्यात. दुपारच्या शालेय आहाराची पावभाजी आली की वाढायला पण त्याच. शिकवायचं कधी हो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान म्हणतं २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि साधं गणित यायला हवं. एका बाईने चार वर्गांत ते कसं करायचं?

ज्यांना जमतं त्यांनी पोरं बालरथातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसमधून, अनुदानित शाळेत पाठवली, मी त्यांना दोष देत नाही. मागे राहिली ती धनगरवाड्यावरची आणि आमच्यासारख्यांची, ज्यांची घरची बोली वेगळी आणि पुस्तक मराठी, म्हणजे ज्यांच्याजवळ बसून शिकवायची सगळ्यात जास्त गरज. पट कमी म्हणून दुसरा शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून पट आणखी घसरतो, नंतर शाळाच बंद करा म्हणतात.

शिक्षण खात्याला एवढीच विनंती, अशा शाळांना आधी दुसरा शिक्षक द्या आणि ही ऑनलाइन कामं दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा. आमच्या बाईंची यंदा बदली होणार असं ऐकतेय. करायचीच असेल तर निदान दुसरी बाई शाळेत हजर झाल्यावर करा.

एक पालक, सत्तरी