हिंगण्यातल्या त्या अनोळखी हातांचे आभार

आमची सहा चाकांची गाडी जमिनीवर चालते आणि तलावातही. पाण्यात टायरच वल्ह्याचं काम करतात. जुनीच घेतलेली, मत्स्यतलावावर राबून थकलेली. पावसाळ्याच्या तोंडावर तिची साखळी सारखी उतरू लागली.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमधले वेल्डर काका गाडीखाली वाकले आणि म्हणाले, "भाऊ, साखळीले कायले बोल लावता? फ्रेम बसली हे." खरंच होतं. आत साचलेल्या पाण्या-गाळानं बेअरिंगखालची पट्टी गंजून चिरली होती. अ‍ॅक्सल तिरपा झाल्यावर साखळी स्प्रॉकेटच्या, म्हणजे तिच्या दातेरी चाकाच्या, दातांवर राहील कशी? काकांनी कुजलेला भाग कापला, नवा तुकडा आधी वेल्डिंगच्या नुसत्या ठिपक्यांवर धरला, दोरी ताणून तिन्ही अ‍ॅक्सल समांतर केले आणि मगच पक्कं वेल्डिंग मारलं. घाई करणाऱ्या मला दोनदा चहाला पिटाळलं, ते बरंच केलं.

स्पेअर पार्टच्या दुकानातल्या ताईंनी नुसती साखळी द्यायला साफ नकार दिला. झिजलेलं स्प्रॉकेट नवी साखळीही खाऊन टाकतं म्हणे. तेव्हा मला राग आला होता, माफ करा ताई.

आणि तो हेल्पर पोरगा! गाडीच्या पोटातच पाणी भर, गळती बाहेरून दिसेल म्हणाला. गळकं सील दोन मिनिटांत सापडलं.

रविवारी गाडी तलावात उतरली. पोट कोरडं. जमिनीवर मात्र अजून थोडी डावीकडे ओढते. काका, तेवढं बघायला येतोच, तर्री-पोहे माझ्याकडून.